बारा उंदरांची कळशी

मुलगा योगेश हिंजवडीला नोकरीला लागला आणि पहिल्याच पगारात घरी पाणी शुद्ध करायचं मशीन आलं. त्याच्या आईनं, सोजरबाईंनी, पिण्याच्या पाण्याची तांब्याची कळशी माळ्यावर टाकली. त्यांच्या नवऱ्याला, रंगनाथांना, हे अजिबात रुचलं नाही. पण बायकोशी वाद कोण घालणार? त्यांनी कळशी चिंचेनं लख्ख घासली आणि सरळ कॉलेजात आणली. तिथल्या प्राणिगृहात पांढऱ्या उंदरांचं खाणंपिणं बघण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती.

निकिताच्या पीएचडीचे चोवीस उंदीर तेव्हा त्यांच्याकडे होते. बारांच्या पाण्यात ती स्वतः तांब्याचं औषध मोजून घालायची. उरलेल्या बारांना नुसतं डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे ना चव ना सत्त्व. रंगनाथांचा जीव तुटायचा. तांब्याचं पाणी अंगाला चांगलं हे कुणाला ठाऊक नाही? मग ते निम्म्यांनाच का? हा पंक्तिप्रपंच त्यांना बघवेना. तीन महिने ते त्या बारांच्या बाटल्या कळशीतल्या शिळ्या पाण्यानं भरत राहिले.

उंदरांचे मेंदू तपासून झाले आणि निकिता रडवेली होऊन आली. "काका, साध्या पाण्यावरच्या बारांचंही डोपामिन घसरलंय. असं कसं होईल?"

"म्हणजे तांबं वाईट?"

"जास्त झालं तर मेंदूत काय बिघडतं, हातपाय का थरथरायला लागतात, तेच तर बघतेय मी. या बारांना तांबं मिळायलाच नको होतं."

रंगनाथांच्या डोक्यात नुसता गोंधळ उडाला. गप्प बसावं तर पोरीची तीन वर्षं मातीत, बोलावं तर नोकरी जायची. शेवटी त्यांनी कळशी आणून तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

तिचे मार्गदर्शक रावसाहेब म्हणाले, "वा! च्यवनप्राश तेवढा राहिला." कळशीतून खरंच एवढं तांबं उतरलं का, हे मात्र त्यांनाही सांगता येईना. प्रयोग पहिल्यापासून करायचा ठरला. निकिताचं ठरलेलं लग्न वर्षभर पुढे गेलं.

आता आपली हकालपट्टी, असं रंगनाथ धरून चालले होते. पण नवे उंदीर आले त्या सकाळी निकितानं डिस्टिल्ड वॉटरचा कॅन त्यांच्याच हातात दिला. "बारांना यातलंच, काका."

"पोरी, मी तर चाळीस वर्षं त्या कळशीतलं पीत आलो. माझ्या डोक्याचं काय?"

ती गडबडली. "ते कुणी मोजलं नाही, काका."

त्यांनी मान डोलावली आणि बाटल्या भरायला घेतल्या. हात थरथरत होते. तांब्यामुळे की शरमेनं, त्यांना कळेना.