कुरडया आणि पश्चिमेची भिंत

माझा स्वभाव तापट, त्यात घाईचा. भाताला वाफ यायच्या आधी झाकण उघडून बघणारी बाई मी. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण वाशीच्या आमच्या इमारतीची पश्चिमेची भिंत एकदा माझ्या घाईने वाया गेली होती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा सगळं कोरं करकरीत होतं. पण खाडीचा खारा वारा आणि पश्चिमेकडून आडवा येणारा पाऊस, या दोघांनी आठ-नऊ वर्षांत इमारतीला म्हातारं करून टाकलं. बाहेरच्या गिलाव्याला भेगा पडल्या, आत ओल आली, भिंतीवर मिठासारखा पांढरा लोणा फुलला. आमच्या तिसऱ्या मजल्यावर त्या भिंतीला लागून सासूबाईंची खोली होती, आणि सासूबाईंना दमा होता.

सोसायटीच्या कमिटीवर मी एकटीच बाई. दुरुस्तीसाठी आम्ही जवळच्या बोनकोडे गावातल्या एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांचं घराणं पूर्वी मिठागरात राबलेलं. दसरा जवळ आला होता. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि चक्क जिभेला लावलं. मला शिसारी आली.

"ताई, भिंतीच्या पोटान अजून पानी हाय," ते म्हणाले. "होली होव द्या. उनानं सुकली का मंग हात लावू."

"होळीपर्यंत थांबायला काय भिंतीशी रंग खेळायचाय?" मी म्हटलं. सगळी कमिटी हसली. दिवाळीला पाहुणे येणार, इमारत कशी नवरीसारखी दिसली पाहिजे, हे माझं म्हणणं सगळ्यांना पटलं. मिस्त्री हात जोडून निघून गेले. आम्ही दुसरा माणूस आणला आणि ओल्या भिंतीवर गिलावा, त्यावर पिवळा रंग असं सगळं दिवाळीच्या आत उरकलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! लोकांनी माझं कौतुक केलं आणि मी ते करूनही घेतलं.

पुढच्या पावसाळ्यात त्या रंगाला फुगे आले. आतलं पाणी कोंडलेलं, त्यात बाहेरचं मिळालं, आणि ऑगस्टात गिलाव्याची ढलपी खाली पडायला लागली. घरभर कुबट वास. सासूबाई उशांना टेकून बसून रात्री काढायच्या. त्यांच्या छातीतली ती शिट्टी ऐकली की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, या ओलीत आजींचा आणखी एक पावसाळा काढू नका. घरात ठरलं, येत्या जूनच्या आत भिंत झाली तर ठीक, नाहीतर सासूबाईंना विट्याला थोरल्या दिरांकडे पाठवायचं. तिकडची हवा कोरडी. पण त्यांचा सगळा जीव इथे, माझ्या दोन पोरांत होता.

मी नाक मुठीत धरून बोनकोड्याला गेले. मिस्त्रींनी आधी चहा पाजला, मग हसले. "भिंत काय पलून नाय जात, ताई. तुमचीच घाई." त्यांनी बेत सांगितला. होळी झाली की बांबूची परांची बांधायची, सगळा गिलावा पाडून विटा उघड्या करायच्या आणि पंधरा दिवस नुसतं ऊन खाऊ द्यायचं. मग विटांमधल्या दरजा भरून नवा गिलावा, तो पक्का व्हावा म्हणून त्यावर दहा दिवस पाणी. मे महिना संपायच्या आत सगळं आटपलं पाहिजे. गच्चीचा कठडाही तेव्हाच पाडायचा, म्हणून गच्ची बंद.

मी ही योजना इमारतीत सांगितली आणि बायका अंगावर धावून आल्या. एप्रिलात गच्ची बंद? बाल्कनीत बांबू? मग वाळवणं कुठे घालायची? पापड, सांडगे, कुरडया, वर्षाची बेगमी! आणि या मोर्च्याच्या पुढे कोण, तर आमच्याच सासूबाई.

"माझा गहू निवडून होत आलाय," त्या म्हणाल्या. "कुरडया झाल्याबिगर एक बांबू लावू द्यायची न्हाई मी."

माझं डोकंच फिरलं. "अहो आई, ही भिंत तुमच्यासाठी चाललीय! तुमच्या छातीपेक्षा कुरडया मोठ्या झाल्या? आणि दरवर्षीच्या दुप्पट गहू कशाला काढलाय? लग्न आहे का घरात?"

त्या सुपातला गहू निवडत राहिल्या. मग खाली मान घालूनच म्हणाल्या, "मी विट्याला गेल्यावर पोरांना वर्षभर कोण करून घालंल? तुला चीक शिजवता येत न्हाई. गुठळ्या करतीस."

या बाईने भिंत होईल हे धरलंच नव्हतं. ती जायच्या तयारीत होती, आणि जाताना आमचे डबे भरून ठेवत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि डोळे पुसून पुन्हा मिस्त्रींना गाठलं.

त्यांनी ऐकून घेतलं, कान खाजवला आणि म्हणाले, "पंधरा दिस भिंत सुकल तवा परांची मोकलीच हाय ना? घाला तिच्यावर कुरड्या."

इतकं सोपं होतं ते! गिलावा पाडला त्या चार दिवसांत धुळीपासून वाचवायला सासूबाईंना समोरच्या इमारतीतल्या शेजारणीकडे ठेवलं. मिस्त्रींच्या माणसांनी परांचीच्या फळ्या धुऊन दिल्या, आणि मग बघावं तर काय, तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत जुन्या साड्या अंथरलेल्या आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडया. मागे उघड्या लाल विटा. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. मिस्त्री रोज संध्याकाळी यायचे, विटेला बोट लावून चाखायचे आणि सासूबाईंच्या साडीवरची एक कुरडई मोडून तोंडात टाकायचे.

"आजी, तुमची सुकली. माजी अजून दोन दिस मागते."

"तुम्ही भिंत चाखताय का माझ्या कुरडया संपवताय?" सासूबाई म्हणायच्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळी ताटली काढून ठेवायच्या.

दोन दिवसांचे चार झाले. मी घड्याळाकडे पाहत होते, आभाळाकडे पाहत होते, पण या वेळी तोंडातून चकार शब्द काढला नाही. मग गिलावा झाला आणि पाणी मारायचं आलं. नळाला पाणी सकाळी तासभर. प्रत्येक घराने आपापल्या भिंतीला पाणी घालायचं ठरलं. मी बादल्या भरायची आणि सासूबाई खिडकीतून हात लांब करून तांब्याने भिंतीला पाणी घालायच्या, एखाद्या पोराला न्हाऊ घालावं तशा. मी म्हटलं, "आई, राहू द्या, मी करते." तर म्हणाल्या, "तू भसाभसा ओततीस." बरोबरच होतं.

जुलैत सलग आठ दिवस पाऊस झोडपत होता. मी रोज सकाळी त्यांच्या खोलीच्या भिंतीला तळवा लावून बघायची. कोरडी. सासूबाई आडव्या होऊन शांत झोपायला लागल्या होत्या. तेवढ्यात विट्याहून थोरल्या दिरांचं पत्र आलं, आईला न्यायला कधी येऊ?

सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी मला समोर बसवलं. "लिही, भिंत कोरडी हाय. येऊ नको."

मी लिहिलं.

"आनि लिही, धाकटीला माझ्याबिगर करमत न्हाई."

"आई! मी असं कधी म्हटलं?"

"म्हनली न्हाईस. लिही."

मी मान खाली घालून लिहिलं. खरंच होतं ते, आणि त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.