नेफ्यातले बिब्बे

काही प्रकरणं निवृत्तीबरोबर कपाटात जातात, हे एक गेलेलं नाही. त्याचं निम्मं कारण माया आहे आणि निम्मं राग. राग कशाचा, ते शेवटी सांगतो.

मी तेव्हा शहराच्या जालना रोडकडच्या भागात एका ठाण्याचा निरीक्षक होतो. दिवाळीची सुटी संपून शाळा भरल्या होत्या. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती, तेवढ्यात ठाणे अंमलदारानं फोन माझ्याकडे दिला. पलीकडे एका प्राथमिक शाळेच्या बाई होत्या. दुसरीतल्या एका मुलीच्या कमरेवर गोल, काळे, भाजल्यासारखे डाग दिसले होते. मुलीला आई नाही, बाप चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर आहे आणि तो बिडी ओढतो, एवढं बाईंनी एका दमात सांगितलं. शेवटची गोष्ट त्यांनी आवाज खाली आणून सांगितली.

मुलीची वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी डाग भाजल्यासारखे असल्याचं आणि बाहेरून कशानं तरी झाल्याचं लिहिलं. बालकल्याण समितीनं त्यावरून बापाकडून छळ झाल्याचा निष्कर्ष काढला आणि मुलीला बालगृहात ठेवलं. बापाविरुद्ध एकही साक्षीदार नव्हता. मुलगी बोलत नव्हती, आणि सगळ्यांनी तिचं न बोलणं हीच साक्ष धरली.

माझ्या महिला हवालदारानं तिला मांडीवर घेऊन विचारलं, बाबांनी मारलं का, कुणी चटका दिला का. मुलगी होही म्हणेना, नाहीही म्हणेना. दोन्ही ओठ आत ओढून बसायची. चॉकलेट घ्यायची, खायची आणि पुन्हा ओठ आत.

बाप उंच, हाडकुळा, नखांत ग्रीस अडकलेला माणूस. मी त्याला समोर उभा करून टेबलावर हात आपटला. माझा हात जरा जास्तच आपटायचा, हे माझ्या स्टाफला माहीत होतं. तो दचकला नाही. डाग पाहिले होते, असं त्यानं सरळ सांगितलं. गावाकडं काहीतरी चावलं असेल म्हणून त्यानं खोबरेल लावलं होतं. डॉक्टरकडे मात्र नेलं नव्हतं. जबाबात हेच त्याच्या विरुद्ध गेलं.

समितीच्या अध्यक्षबाईंशी मी बोलून पाहिलं. शून्यातून वर आलेल्या माणसाला घासाघीस चांगली येते. मी भाजी आणि बदली दोन्ही घासाघीस करूनच घेतल्या. बाई एवढ्यावर तयार झाल्या की बापानं रागाच्या भरात चूक झाल्याचं लिहून द्यावं, समुपदेशनाला यावं आणि मुलगी देखरेखीखाली घरी न्यावी. माझ्या हिशेबानं सौदा उत्तम होता. मी तो घेऊन त्याच्या खोलीवर गेलो.

त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाय साहेब."

मी भडकलो. पोरगी हवी की ताठा हवा, असं विचारलं.

"पोरगीच पायजे. पन मी तिला जाळलं असं लिवून देऊन न्हेऊ? उद्या ती वाचायला शिकंल, साहेब."

मी जिना उतरत होतो तेव्हा तो मागून आला. मला वाटलं, शहाणपण सुचलं. तो म्हणाला, "बालगृहात तिची वेणी लई आवळून घालतेत. तिचं डोकं दुखतं. तेवढं सांगाल का?" आईविना पोरीच्या दोन वेण्या तो रोज स्वतः घालायचा. ड्यूटी सुटली की बालगृहाच्या फाटकाबाहेर उभा राहायचा आणि आत खेळणाऱ्या पोरींच्या डोक्यांकडे बघायचा.

त्या दिवशी माझं मत फिरलं. मात्र मत फिरणं म्हणजे पुरावा नव्हे. मी डागांचे फोटो पुन्हा काढून बसलो. सगळे डाग कमरेभोवती एका ओळीत होते, पोटावर तसेच पाठीवर, मधलं अंतर जवळपास सारखं. रागावलेला माणूस असा माप घेऊन चटके देत नाही. शिवाय हवालदार म्हणाली की पोरगी डाग खाजवते. भाजलेल्या जागेला पोरं हात लावू देत नाहीत.

दिवाळीच्या सुटीत मुलगी देवगाव रंगारीला आजोळी होती. आजीचा जबाब कुणीतरी फोनवरच घेतला होता: जावई चांगला आहे, बस. मी जीप काढली.

आजीनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी तांब्याऐवजी तिची बोटंच बघत राहिलो. टोकं काळी, कातडीचे पापुद्रे निघालेले. अशी बोटं मी लहानपणी रोज बघितली आहेत. माझी आई मजुरीवर बिब्बे फोडून आतली गोडंबी काढायची. बिब्ब्याच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की फोड येतात, मग काळा डाग राहतो. आम्ही त्याला बिब्बा उतला म्हणतो.

"आजी, बिब्बे कुठं फोडले?"

तिनं हात पदराखाली घेतला. मी पाणी प्यालो आणि गप्प बसलो. बोलायला लावायचं असेल तर कधीकधी आपल्याला गप्प बसावं लागतं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "फोडले न्हाईत. शिवले."

लेक गेल्यापासून आजीला नातीची धास्ती होती. गल्लीत जो तो म्हणायचा, पोर हुबेहूब आईवर गेली. नजर लागू नये म्हणून लोक वाळलेला बिब्बा दोऱ्यात ओवून बांधतात. पण शहरातल्या शाळेत पोरं हसतील, म्हणून आजीनं ते परकराच्या नेफ्यात, नाडीच्या पट्टीत, आतून शिवले. घरात वाळलेले नव्हते, तर बांधावरच्या झाडाचे ओलेच काढले. सुटीभर परकर पोरीच्या अंगावर होता. निघताना फ्रॉक घातला आणि परकर आजीकडेच राहिला. वर आजीनं शपथ घातली होती, हे कुणाला सांगितलंस तर तुझ्या बापाला बाधेल.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, पोरगी ओठ आत का ओढत होती. आई गेलेली तिनं पाहिली होती. बापाला ती जाऊ देणार नव्हती.

आजीला जावई संकटात आहे एवढंच माहीत होतं, कशामुळे ते नाही. मी सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मला न्या तिकडं. आत्ताच न्या." पंचांसमोर परकर ताब्यात घेतला. नेफ्यावर तेलाचे काळे ठिपके होते.

बालगृहात समितीसमोर आजीनं नातीला जवळ ओढलं. "शपथ सुटली गं. मीच घातली व्हती, मीच सोडली. सांग आता."

पोरीनं आधी तिलाच विचारलं, "बाबाला काय होनार नाय ना?"

"काय होत न्हाय. झालं ते माज्यामुळं झालं."

मग पोरगी बोलायला लागली ती थांबेना. परकर टोचायचा, आग व्हायची, खाजायचं, पण ती रडली नाही, हे तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. बाप दारात उभा होता. तो एवढंच म्हणाला, "येडी हाये," आणि तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी परकर आणि आजीची बोटं बघून मोकळेपणानं दुरुस्तीचा अहवाल दिला. समितीनं मात्र आदेश काढला की आरोप सिद्ध न झाल्यानं मुलगी बापाच्या ताब्यात देण्यात येत आहे. बापानं सही करायला नकार दिला. त्याचं म्हणणं, सिद्ध झालं नाही असं नको, घडलंच नाही असं लिहा. मी अध्यक्षबाईंशी भांडलो, आवाज चढवला. शेवटी त्यांनी एक ओळ जोडली: डाग बिब्ब्यामुळे झाले, बापाचा दोष नाही. त्यानं ती ओळ दोनदा वाचून घेतली, सही केली आणि पोरीला खांद्यावर घेऊन गेला. आधीचा निष्कर्ष रद्द केल्याचं मात्र कुणी लिहिलं नाही. वर माझ्या वरिष्ठांनी समितीच्या कामात ढवळाढवळ केली म्हणून मला लेखी समज दिली. तो माझा राग. तो मी पेन्शनबरोबर घरी आणला आहे आणि सोडायचा विचार नाही.

पण त्या पोरीनं मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात नव्हतं. गप्प बसलेलं लेकरू कुणाला तरी घाबरतंय, असं आपण धरून चालतो. ते कुणासाठी तरी घाबरत असेल, हे आपल्या डोक्यात येत नाही. पुढं नोकरी होती तोवर असं लेकरू समोर आलं की मी त्याला कोणी मारलं हे नंतर विचारायचो. आधी विचारायचो, तू सांगितलंस तर कुणाचं काय होईल असं वाटतं तुला? मग खुर्ची मागे घ्यायचो आणि वाट बघायचो.