रिकामा कॅन घेऊन मीटिंगला

मित्रांनो, आज पहिल्यांदाच दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला गेलो. औरंगपुऱ्यात एका शाळेच्या खोलीत भरते.

गल्लीत कुणी विचारू नये म्हणून पाण्याचा रिकामा कॅन घेऊन निघालो. या दुष्काळात कॅनवाल्याला कोण विचारतंय, कुठं चाललास?

खोलीच्या दारात बघतो तर आधीच चार रिकामे कॅन! तिथले एक काका हसून म्हणाले, "तुमचा बी ठेवा तिथंच."

घरी आलो तर बायको कॅनचं झाकण हातात धरून बसलेली. "हे तर इथंच राहिलं होतं. मला वाटलं, प्यायलाच गेलात."

मग तिला सगळं सांगितलं.

पिऊन भर चौकात पडलो तेव्हा कधी लाज वाटली नाय. मग सोडायला निघालो, तर हातात कॅन कशाला लागला?