डस्टरनं ढकललेला कागद

सरांनी कोरा कागद माझ्याकडं डस्टरनं ढकलला. हातानं नाही. पेनही दिलं नाही. म्हणाले, "तुझं असेल ना?"

मग सांगितलं, "लिही. प्रकृतीच्या कारणामुळे स्वखुशीने काम सोडत आहे. एवढंच."

शहरात उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या क्लासमध्ये मी सहा वर्षं दहावीला गणित शिकवलं. सरांचे आजोबा भटजी. सर मात्र एकदा आमच्या गावी, फर्दापूरच्या घरी आले, भिंतीवरच्या बाबासाहेबांना हात जोडले, चहा प्याले. माझे वडील लेणीच्या पायथ्याशी पर्यटकांना रंगीत दगड विकतात. ते हरखून म्हणाले, "लई मोठ्या मनाचा माणूस हाय." तो एक कप चहा सर पुढं प्रत्येक भाषणात सांगत राहिले. मला त्यात काही खटकलं नाही. एवढी मी भोळी.

मग मला टीबी झाला. साध्या औषधांना दाद न देणारा. त्यावरच्या गोळ्यांनी अंग काळवंडलं, मन सैरभैर झालं. उगाच रडू यायचं. नळावर पाणी भरताना कुणीतरी नावानं हाक मारायचं. वळून बघावं तर कुणी नाही. गोळ्याही नकोत आणि आपणही नको, असं वाटायला लागलं. हे मी एकट्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मला वडिलांच्या जागी समज. डॉक्टरांपासून लपवू नकोस." मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी औषध बदललं, मनासाठीही गोळ्या दिल्या. हाका थांबल्या. मी वाचले ती सरांमुळं, हे नाकारत नाही. म्हणूनच जास्त लागतं.

थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. कामावर जायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. पहिला नंबर आल्यासारखी ते घेऊन मी क्लासला धावले.

सर म्हणाले, "टीबीचं काही नाही गं. पण तुला आवाज ऐकू येतात. पालक विचारतात."

"पालकांना कोणी सांगितलं, सर?"

मी तर आईलाही सांगितलं नव्हतं. रिपोर्टमुळं टीबीचं निमित्त गेलं, तेव्हा ह्या माणसानं माझं गुपित वापरलं होतं. आणि मग तो कोरा कागद.

सहा वर्षं त्यांच्यापुढं मी पुस्तकी मराठी बोलले. त्या दिवशी घरची जीभ सुटली.

"नाय लिवणार, सर. मी खुशीनं चालले नाय. तुमी काढताय, तर तुमच्या हातानं लिवा."

कागद उचलून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी डस्टर चाचपलं. मी हात मागं घेतला नाही. शेवटी तो त्यांना माझ्या हातून घ्यावा लागला.

लिहिलं त्यांनी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गावर दुसराच माणूस उभा होता.

आता गारखेड्यातल्या माझ्या खोलीवर शिकवणी घेते. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला आधीच सांगते: टीबीचे उपचार चालू आहेत, माझ्यापासून लागण होत नाही, मनाच्याही गोळ्या घेते. काही जण चहा न पिताच उठतात. उठू देत. राहिलेल्या गोळ्या मी संपवणार. पण माझं दुखणं पुन्हा कुणाच्या मोठ्या मनाच्या हवाली करणार नाही.