सोनीच्या दंडावरचा चुडा

त्या वर्षी माझं देवीशी भांडण चालू होतं. माझी बायको सोनी छातीतली गाठ कांचळीच्या, म्हणजे चोळीच्या, आरशांखाली झाकून वर्षभर कापूस वेचत राहिली. आमच्या बंजारा तांड्यात बायकांची दुखणी अशीच झाकली जात. मला कळलं तेव्हा मी मरियामादेवीला नवस बोललो, अंगारा लावला. पण देवी पावली नाही; गाठ फुटून वाहायला लागली, तेव्हा कुठे तिला एस.टी.त बसवून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं.

कॅन्सर हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. असलं ऑपरेशन करणारे डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदाच येत, आणि नेमके त्याच दिवशी आले होते. एवढं जुळून आल्यावर खरं तर हात जोडायचे. पण नर्सबाई म्हणाल्या, "काखेतही गाठी आहेत. दंडावरचा चुडा काढावा लागेल." आमच्याकडे कोपरावरचा तो हस्तिदंती चुडा लग्नात चढतो आणि नवरा मेल्यावरच उतरतो. सोनीने हात छातीशी आवळून धरले. "मी मरीन, पन हे जिते असताना चुडा नाही काढनार!"

सगळे माझ्याकडे बघत होते. "आमच्यात चालत नाही," एवढं बोलून मी तिला बाहेर आणलं. रीतीचं नुसतं नाव होतं. खरं सांगायचं तर मला माझ्या जिवाची भीती वाटली.

स्टँडवर गावाकडे जाणाऱ्या पुसदच्या गाडीची वाट बघत बसलो. शेजारी बांगड्यांची टोपली घेऊन एक म्हातारी मण्यारीण बसली होती. सोनीचं रडणं बघून तिने विचारलं, "काहून रडून राह्यली पोरी?" सोनीने सगळं सांगितलं. म्हातारी माझ्याकडे वळली. "बांगड्या भरता भरता जिंदगी गेली माही. चुडा फोडला तं अपशकुन. मी न फोडता उतरवतो, तू आपल्या पागोट्यात बांध. तुह्यापाशी राह्यला तं ते रांडव कशी होईन?"

मी होकारार्थी मान हलवली. तिने तेलाची बाटली काढली आणि सोनीचा हात हातात घेतला. मग बाटली तशीच खाली ठेवली. लग्नात चार बायांनी रेटून चढवलेला तो चुडा कोपरावरून सळसळत खाली आला, बांगडीमागून बांगडी, थेट माझ्या ओंजळीत. दंड कसला, नुसती काठी उरली होती. एका घरात राहून, एका ताटात जेवून मला ते दिसलं नव्हतं! देवीला नवस बोलताना माझे डोळे कुठे होते?

"पाहून काय राह्यला? जाय लवकर!" म्हातारी ओरडली. मी चुडा पागोट्यात बांधला, सोनीला उचललं आणि दवाखान्याकडे पळत सुटलो. म्हातारीचं नावही विचारायचं राहिलं. डॉक्टर निघायच्या तयारीत होते, पण थांबले.

पुढे सोनी बरीच वर्षं जगली, नातवंडं खेळवून गेली. त्या म्हातारीला कोणी पाठवलं यावर मी वाद घालत नाही. पुसदच्या बाजारात मण्यारणी दिसल्या की अजून हात जोडतो. शरण जाणं मला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं. मी देवीपुढे वाकायचो, पण स्वतःला राखून.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सोनीची गुंगी उतरली. तिने डोळे उघडून मला शोधलं आणि कसंबसं विचारलं, "तुमाले काही झालं तं नाही ना?"

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या दिवशी देवीकडे स्वतःसाठी काही मागायची मला लाज वाटली.