मागच्या सीटवर

त्या संध्याकाळी मी बायकोला गाडीला ओवाळू दिलं नाही, ही चूक माझीच. लहानशी, पण महागड्या कंपनीची एसयूव्ही मी पुण्याहून आणली होती, सेकंडहँड. बायको ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती. शेजारीपाजारी थांबून बघत होते. आता कुणीतरी कितीचं मॉडेल म्हणून विचारणार, या विचारानंच मला लाज वाटली.

"जुन्या गाडीची कसली पूजा? आत जा," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

"जुनी आसंल दुसऱ्याला. आपल्या दारात तर आजच आली न्हवं?" एवढंच बोलून ती आत गेली.

त्यानंतर ती गाडीत कायम मागेच बसली. श्रीगोंद्याहून मिरजगावला, तिच्या माहेरी, आम्ही वर्षानुवर्षं मोटारसायकलवर जायचो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती वाटभर बोलायची. वाऱ्यामुळे त्यातलं निम्मं मला ऐकूच यायचं नाही. आता काचा लावल्या की बाहेरचा आवाजसुद्धा आत येत नाही, आणि ती गप्प. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघताना मला त्या बडबडीची फार आठवण यायची.

परवा तिच्या माहेराहून परतताना मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं? पंक्चर हाय का?" तिनं विचारलं.

मी मागे वळलो. "न्हाई. त्या दिवशी मी लोकांना लाजलो, अन् चारचौघांत तुझा अपमान केला. चुकलं माझं. मला माफ कर."