टिलरींच्या भट्टीचा धूर

ॲम्ब्रोज टिलरीचा जिथं स्वतःच्या सावलीवर विश्वास नव्हता, तिथं इतरांची काय कथा! त्याच्या बापानं तंबाखूच्या शेताकडेला खड्डा खणून ओकच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर अख्खं डुक्कर भाजायला आणि दर शनिवारी विकायला सुरुवात केली. पुढं त्याच खड्ड्याच्या जागी विटांची भट्टी आणि पत्र्याखालचं हॉटेल उभं राहिलं. नॉर्थ कॅरोलायनातले आसपासचे सगळे हॉटेलवाले एकेक करून गॅसवर गेले. डुक्कर भाजायच्या स्पर्धेतही गॅसच्या शेगड्या आल्या, तसं ॲम्ब्रोजनं स्पर्धेचं नाव टाकलं. गॅसवर भाजलेल्याला तो उकडलेलं म्हणायचा.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. काठी हाती आली, नाकाला वास आणि जिभेला चव कळेनाशी झाली. मुलगी व्हर्लीन हॉटेल बघू लागली आणि म्हातारा ओसरीत बसून धुराड्यावर पहारा करू लागला.

धूर रोज निघत होता, पण लाकडाची रास काही उतरेना. तिच्यावर कोळ्यांनी संसार थाटले होते. कुठंतरी पाणी मुरत होतं.

"एवढं सरपण उरतं कसं गं?"

"डुकरं बारीक झालीत, बाबा."

"आणि मी खुळा झालोय, असंच ना?"

ती हसली नाही. तिथंच त्याचा संशय पक्का झाला.

गुरुवारी ती कोबी आणायला गेली, तसा तो काठी टेकत भट्टीपाशी पोचला. आग पेटलेली होती, पण वरची जाळी रिकामी. डुक्कर मागच्या नव्या गॅसच्या भट्टीत होतं. व्हर्लीन परत आली ती दारातच थबकली.

"कधीपासून?"

"तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हापासून. एकटीला रात्रभर निखारे ओढणं झेपेना. हॉटेल बंद करायचं, नाहीतर हे."

"मग ही आग गिऱ्हाइकांना फसवायला?"

"त्यांनी पहिल्याच घासाला ओळखलं, बाबा. म्हणाले, म्हाताऱ्याला कळू देऊ नकोस. हा धूर ओसरीतून दिसावा म्हणून आहे."

"हॉलिसलाही माहितीय?" हॉलिस त्याचा लहानपणापासूनचा मित्र.

"गॅस त्यांनीच जोडून दिला."

ॲम्ब्रोजला राग आला होता, आणि लाजही वाटत होती. मग वाकून त्यानं एक लाकूड आगीत सरकवलं.

दुपारी हॉलिस जेवायला आला. ओसरीपाशी थांबून म्हणाला, "काय वास सुटलाय लेका आज!"

ॲम्ब्रोजनं नाक वर करून भरपूर हवा ओढली.

"ओक आहे," तो म्हणाला. "आमच्याकडं दुसरं काही चालत नाही."